खोलीचे नव्हे, बिअरचे तापमान पाहायला शिकवणाऱ्या स्नेह्यांस

आदरणीय महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आपण केलेल्या मदतीचे आभार जाहीरपणे मानावेत असे वाटले, कारण कडक थंडीत घरी बिअर बनवणाऱ्या इतरांनाही आपला सल्ला उपयोगी पडेल.

सहाव्या दिवशी पिंपाच्या एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले, तेव्हा किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचे अल्कोहोल करणे, पूर्ण झाले असे समजून मी बाटल्या धुवायला घेतल्या होत्या. आपण आधी हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारे उपकरण, लावायला सांगितलेत. साखर संपत जाते तशी घनता उतरते; ती १.०४८ वरून जेमतेम १.०२४ वर आली होती. उरलेल्या साखरेसह बिअर बाटल्यांत भरली असती, तर पुढे उबेत यीस्ट पुन्हा कामाला लागून बाटल्या फुटण्याचा धोका होता. हीटरमुळे दिवसा २० अंश असलेली खोली रात्री ११ अंशांवर येई आणि एलचे (उबेत आंबणाऱ्या बिअरचे) यीस्ट गारठून तळाशी बसे, हे आपण अचूक ओळखलेत.

तापमान नियंत्रकाचा सेन्सर हवेत लोंबकळत न ठेवता पिंपाच्या मध्यावर चिकटवून त्यावर स्पंजची जाड घडी बांधावी, पिंपाला ऊब देणारा हीटिंग बेल्ट त्यापासून दूर ठेवावा आणि सर्वांवर घोंगडी गुंडाळावी, हे आपण स्वतः करून दाखवलेत. तळाशी बसलेले यीस्ट उठवताना पिंप हळुवार फिरवायचे, पण आत हवा घुसळू द्यायची नाही, ही आपली सूचना मी कटाक्षाने पाळली. नऊ दिवसांनी घनता १.०१२ वर स्थिरावली.

दुसऱ्या खेपेला नियंत्रक १९ अंशांवर लावला, तर सुरुवातीचे दोन दिवस बेल्ट सुरूच झाला नाही. मी घाबरून आपल्याला फोन केला. किण्वनात यीस्ट स्वतःच उष्णता निर्माण करते, त्यामुळे ऐन जोमात बिअर खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असते आणि त्या वेळी जास्त ऊब दिली तर उग्र, जळजळीत अल्कोहोलची चव येते, हे आपण तेव्हा शांतपणे समजावलेत. हा जोर ओसरला की बिअर झपाट्याने थंड होते. खरी मदत तेव्हा लागते. त्याच वेळी तापमान २१ अंशांवर नेल्याने लोण्यासारखा वास देणारे डायअसेटिल यीस्टने शोषून घेतले आणि नमुन्यातला तो वास तीन दिवसांत नाहीसा झाला.

आपण इतका वेळ दिलात, याबद्दल मी मनःपूर्वक ऋणी आहे. याच खेपेतल्या दोन बाटल्या आपल्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत; त्यांत पुरेसा वायू तयार झाला की घेऊन येतो.

आपला कृतज्ञ