साठा पाहून नियम बदलतात तेव्हा

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात तुझी नेमणूक झाल्याचे वाचून आनंद झाला. त्याच पत्रात तू विचारले आहेस की, साथ पुन्हा आली, रुग्ण आत धापा टाकत आहे आणि परिचारिकेकडे घालण्याजोगा मास्क नाही, अशा वेळी तिने आत जावे की जाऊ नये. याचे उत्तर मी देणार आहे, पण थोडे थांबून. कारण ती परिचारिका त्या दारापाशी पोहोचते तोवर तिच्या जिवाविषयीचे बरेच निर्णय इतरांनी घेऊन टाकलेले असतात, आणि हे निर्णय कसे होतात ते आपल्याला अभ्यासक्रमात कोणी शिकवत नाही.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी कोविडच्या वॉर्डात होते, हे तुला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,००० आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले. हा मधला आकडा आहे. अंदाजाची व्याप्ती ८०,००० पासून १,८०,००० पर्यंत जाते. लाखभर माणसांबद्दल इतकी संदिग्धता राहावी, याचा जरा विचार कर. किती कर्मचारी बाधित झाले आणि त्यांतले किती गेले, याची धड नोंद कित्येक ठिकाणी ठेवलीच गेली नाही. हातमोज्यांचे खोके किती खर्ची पडले हे मात्र आमच्या स्टोअरच्या वहीत रोजच्या रोज लिहिले जात होते.

मास्कची गोष्ट तशी जुनी आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात प्लेगची मोठी साथ आली, तेव्हा हार्बिन येथे काम करणाऱ्या वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरांनी हा प्लेग उंदीर-पिसवांमुळे नव्हे, तर रुग्णाच्या खोकल्यातून आणि श्वासातून पसरतो आहे हे ओळखले आणि रुग्णाजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने कापूस व गॉझचा जाड मास्क बांधावा असा आग्रह धरला. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना ते पटले नाही. ते मास्क न बांधताच रुग्ण तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने वारले. त्यानंतर तिथे मास्कबद्दल कोणी वाद घातला नाही. आमच्या वेळी वाद घालायला कोणी नव्हते. मास्क कशासाठी लागतो हे सगळ्यांनाच कळत होते, फक्त तो कपाटात नव्हता.

३ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की, साथीला तोंड देण्यासाठी जगाला दरमहा ८ कोटी ९० लाख वैद्यकीय मास्क, ७ कोटी ६० लाख हातमोजे आणि १६ लाख गॉगल लागतील आणि त्यासाठी उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवावे लागेल. सर्जिकल मास्कच्या किमती तोवर सहापट आणि एन-९५ च्या, म्हणजे बारीक कण गाळणाऱ्या घट्ट मास्कच्या, तिप्पट झाल्या होत्या. त्याच महिन्यात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, मास्क उपलब्धच नसतील तर अगदी शेवटचा उपाय म्हणून कर्मचाऱ्यांनी रुमाल किंवा स्कार्फ बांधला तरी चालेल, अशी सूचना काढली. असा रुमाल संरक्षक साधनांत मोडत नाही आणि त्याने कितपत बचाव होतो हे माहीत नाही, असेही त्या सूचनेत लिहिलेले होते. ते लिहिले गेले, हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते. पण अशी सूचना वरून खाली, केंद्राकडून रुग्णालयाकडे आणि तिथून वॉर्डच्या फलकावर पोहोचेपर्यंत पहिले वाक्य शिल्लक राहते आणि दुसरे गळून पडते.

तुला जे सांगायचे आहे ते मुख्यतः हेच आहे. तुटवड्याच्या काळात नियम साठा पाहून बदलतात आणि बदललेला नियम शास्त्राचा पोशाख घालून येतो. आमच्या वॉर्डच्या फलकावर आधी प्रत्येक रुग्णामागे नवा मास्क असे परिपत्रक लागले, मग एका शिफ्टला एक, आणि नंतर मास्क मळलेला किंवा फाटलेला दिसेपर्यंत तोच वापरावा. तिन्ही परिपत्रकांची भाषा सारख्याच आत्मविश्वासाची होती. ‘मास्क संपत आले आहेत, म्हणून नाइलाजाने असे करावे लागत आहे’ हे एक वाक्य त्यांतल्या एकातही नव्हते. तुला वाटेल, लिहिले असते तरी मास्क थोडाच मिळणार होता? मास्क मिळाला नसता हे खरे, पण वागण्यात पुष्कळ फरक पडला असता. आपल्या तोंडावरचे साधन अपुरे आहे हे ज्या परिचारिकेला ठाऊक असते, ती खिडकी उघडते, दोन खेपांची कामे एका खेपेत उरकते, आत गरजेपुरतीच थांबते, रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना खोलीत जास्तीची माणसे राहू देत नाही. तेच साधन पुरेसे आहे असे जिला सांगितलेले असते, ती निर्धास्तपणे रुग्णाच्या तोंडावर वाकते.

याच गोंधळात हवेतून होणाऱ्या संसर्गाचा वाद अडकला. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने, कोविड हवेतून पसरत नाही, असे ठामपणे प्रसिद्ध केले. त्याचा वॉर्डातला अर्थ असा झाला की नळी घालणे किंवा कफ ओढून काढणे अशा कामांपुरता एन-९५ आणि एरवी साधा सर्जिकल मास्क. जणू रुग्ण खोकताना आम्हाला विचारून खोकत होता! जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतील संसर्गाची दखल घ्यावी असे आवाहन केले, तरी संघटनेच्या माहितीपत्रात ते स्पष्टपणे यायला एप्रिल २०२१ ची अखेर उजाडली. यात कोणी जाणूनबुजून फसवले असे मी म्हणणार नाही. पण जे मत खरे ठरले तर लागतील तेवढे एन-९५ पुरवणे अशक्य होईल, ते मत मान्य करायला संस्थांना उशीर लागतो, एवढे मी पाहिले आहे.

एन-९५ मास्क हातात घेऊन कधी नीट पाहा. त्याचा मधला थर वितळवलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या अतिबारीक तंतूंचा असतो आणि त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो, सुमारे ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे अडवायला सर्वांत अवघड असलेले कण तो ९५ टक्के तरी अडवतो, ते बऱ्याच अंशी या भारामुळेच. मास्क साबणाने धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारले की हा भार निघून जातो. दिसायला मास्क तसाच राहतो. दुसरी गोष्ट त्याच्या कडांची. कडा चेहऱ्याला घट्ट बसल्या नाहीत तर हवा गाळणीतून न येता नाकाच्या दांड्याशेजारच्या फटीतून येते. आम्हाला एक मास्क नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत ठेवून पुन्हा पुन्हा वापरावा लागे. काही दिवसांनी त्याचे इलॅस्टिक सैल पडे, मग तुटे, आणि मग कोणीतरी ते स्टेपलरने जोडून देई. ती पिन मास्कच्या अंगातूनच आरपार जात असे. तो मास्क लावून जोरात श्वास सोडला की गॉगलची काच पांढरी होई, म्हणजे वरची कड उघडी आहे हे आरशाशिवायही कळे. पण बदली मास्क मागायला गेले की स्टोअरमधून उत्तर येई, ‘तुमच्या नावावर आधीच एक दिलेला आहे.’

आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण जगभरात दोन तृतीयांशांच्या आसपास आहे, आणि तरीही किट पुरुषाच्या मापाचे येते. ढगळ पोशाखाची बाही हातमोज्यातून निसटते. पाळीच्या दिवसांत, एकदा किट उतरवले तर दुसरे मिळणार नाही म्हणून, पाण्याचा घोटही न घेता शिफ्ट काढणाऱ्या मुली मी पाहिल्या. त्यांच्या सोशिकपणाचे कौतुक झाले, आणि त्या कौतुकाचा मला आजही राग येतो.

आता थोडे मास्कच्या पलीकडचे. कामाच्या जागेची सुरक्षा समजणारे लोक संरक्षक साधने उतरंडीच्या तळाशी ठेवतात; धोका मुळातच दूर करणे, मग इमारत व हवा यांची व्यवस्था, मग कामाची आखणी, आणि हे सगळे करून जे उरेल त्यासाठी मास्क. २००३ साली सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ व्हिएतनाममधल्या हनोईत पोहोचली तेव्हा तिथल्या एका खासगी रुग्णालयात कर्मचाऱ्यांना मोठ्या प्रमाणावर लागण झाली; हा आजार वेगळाच आहे हे ओळखणारे जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. कार्लो उर्बानी हेही २९ मार्च २००३ रोजी त्याच आजाराने गेले. त्याच शहरातल्या बाक माई या सार्वजनिक रुग्णालयात सार्सचे रुग्ण मोठ्या खिडक्या सताड उघड्या ठेवलेल्या खोल्यांत ठेवले गेले आणि तिथल्या कर्मचाऱ्यांत संसर्ग पसरला नाही. केवळ खिडक्यांनी हे झाले असे कोणी म्हणू नये. तरीही नव्या वॉर्डात रुजू झाल्यावर हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे पहिल्या दिवशी विचार. त्या सार्सच्या साथीत जगभरचे ८,०९८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतला दर पाचवा माणूस आरोग्य कर्मचारी होता.

साधने अपुरी पडली की ती वाटायची कशी, हेही पाहून ठेव. आमच्याकडे आधी डॉक्टर, मग परिचारिका आणि उरलेच तर सफाई कर्मचारी असा क्रम आपोआप पडला. रुग्णाची खोली पुसणारा, त्याच्या उलटीचे भांडे उचलणारा माणूस कापडी मास्क लावून आत जाई आणि बहुधा आमच्यापेक्षा जास्त वेळ आत राही. हुद्दा पाहून वाटप करणे सोपे असते, कारण हुद्द्यांची यादी कार्यालयात तयार असते; कोण किती वेळ कुठल्या हवेत असतो याची यादी कोणीतरी करावी लागते. तुझ्या वॉर्डची ती यादी तू कर. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मागणी नेहमी लेखी कर. तोंडी तक्रारीला सहानुभूती मिळते. इंडेंटला, म्हणजे लेखी मागणीपत्राला, क्रमांक मिळतो. काय मागितले, कधी मागितले आणि काय मिळाले, हे तारखेसह लिहिलेले असले तर पुढे चौकशी होते तेव्हा त्याला वजन येते. सार्सनंतर कॅनडात न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने परिचारिकांचे आणि इतर कर्मचाऱ्यांचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले आणि २००६ च्या अंतिम अहवालात बजावले की, धोका कमी करणारी वाजवी पावले उचलण्यासाठी शास्त्रीय खात्री होण्याची वाट पाहत बसू नये. हा अहवाल कोविडच्या आधी तेरा वर्षे छापून तयार होता, हे मला राहून राहून आठवते.

आता तुझा प्रश्न. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारातील तेराव्या कलमानुसार, जिवाला किंवा आरोग्याला तात्काळ व गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटल्यावर कामापासून दूर झालेल्या कामगाराला त्याबद्दल त्रास दिला जाऊ नये. म्हणजे मागे हटण्याचा अधिकार तत्त्व म्हणून मान्य आहे. पण धापा टाकणारा माणूस समोर असताना तू कलम आठवत बसणार नाहीस, हे मी तुला ओळखते म्हणून सांगते. माझे मत विचारशील तर, पूर्ण संरक्षणाशिवाय आत जाऊ नकोस. किट चढवायला लागणारा वेळ रुग्णाच्या वाट्याचा आहे असे वाटते आणि हात थरथरतात, तरीही आधी किट चढव. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली, तेव्हा तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण होण्याची शक्यता इतर प्रौढांच्या तुलनेत २१ ते ३२ पट होती. सिएरा लिओनमध्ये त्या आजाराचे जाणकार असलेले डॉ. शेख उमर खान त्याच साथीत गेले आणि त्यांच्यामागे त्यांची जागा घेईल असे फारसे कोणी उरले नव्हते. एक परिचारिका पडली की तिच्या खाटांची वाटणी इतरांत होते, आणि त्या थकलेल्या इतरांच्या हातून चुका होतात. ज्या रुग्णासाठी आपण धावलो त्याच्याच पुढच्या रात्रीची ही किंमत असते. आणि मास्क खरोखरच कुठेही नसेल, तर आत जाणे हा तुझा निर्णय असू दे. तो आदेश होऊ देऊ नकोस. इन्चार्ज सिस्टर आत जा म्हणाल्या तर नम्रपणे ते लिहून माग. आदेश लिहून द्यायची वेळ आली की कपाटाच्या मागच्या कप्प्यात एखादा खोका सापडतो, असा माझा अनुभव आहे.

किट चढवण्यापेक्षा उतरवताना जास्त सांभाळ. शिफ्ट संपल्यावर माणूस घाईत आणि दमलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरची बाजू अंगाला लागते. हातमोजे, गाऊन, गॉगल, मास्क हा तुमच्याकडचा जो क्रम असेल तो मोठ्याने म्हणायला समोर एक सहकारी उभी कर, मास्कच्या पुढच्या भागाला हात न लावता तो पट्ट्यांना धरून काढ, आणि प्रत्येक टप्प्यानंतर हात स्वच्छ कर. एकटीने कधी उतरवू नकोस.

रुजू होण्याआधी तुमच्याकडे मास्कच्या मापाची चाचणी घेतात का ते विचार. डोक्यावर हूड घालून आत सॅकरिनचा किंवा कडू द्रवाचा फवारा सोडतात आणि मान हलवायला, बोलायला लावतात. चव लागली तर ते माप तुझे नाही. तुझा चेहरा माझ्यासारखाच लहान आहे, तेव्हा नेहमीचे माप बहुधा बसणार नाही. लहान माप मागवावे लागेल असे म्हणाले तर मागणीपत्राची एक प्रत स्वतःकडे ठेव, आणि कोणते माप बसले ते मला कळव.

तुझी,
आई