हाताच्या पकडीची ताकद मोजण्याच्या डिजिटल यंत्रातील चुकीच्या आकड्यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : सदोष यंत्राचे पैसे परत मिळणे व त्या खेपेतील यंत्रांची तपासणी

महोदय,

मी साताऱ्यात गेली ३१ वर्षे शिवणकाम करते. फेब्रुवारीत अंगणात पाय घसरून पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. ते काढल्यावर कात्री धरवेना. कापडात पाते घातले की अंगठ्याखालचा मांसल भाग थरथरायचा आणि कापाची रेघ वाकडी जायची. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दवाखान्यातल्या हायड्रॉलिक यंत्रावर पकड मोजली. उजव्या हाताची ८ किलो भरली, डाव्याची २१. घरी व्यायाम करून रोजचा आकडा वहीत लिहा, उजवा १५ च्या पुढे गेला की कात्री हातात घ्या, असे त्यांनी सांगितले. म्हणून १४ एप्रिलला आपले यंत्र ३,४९९ रुपयांना ऑनलाइन मागवले.

मोजण्यात मी कुचराई केलेली नाही. खुर्चीत ताठ बसून, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, यंत्राची मूठ दुसऱ्या खाचेवर ठेवून तीनदा दाबायचे आणि सरासरी काढायची, हे बाईंनी मला करून दाखवले होते. किलोऐवजी पौंडाचे बटण तर दाबले गेले नाही ना, तेही पाहिले.

तिसऱ्या आठवड्यात सरासरी १७.६ आली आणि पडद्यावर ‘नॉर्मल’ असे उमटले. मला रडूच आले. लग्नसराई होती, मी पाच ब्लाउज शिवायला घेतले. दुसऱ्याच दिवशी मनगट सुजले, रात्रभर ठणकत होते. दवाखान्यात पुन्हा मोजले तर पकड ११ किलो! बाईंनी दहा दिवस सगळे काम बंद ठेवायला लावले. घेतलेले कापड मी शेजारच्या गल्लीतल्या बाईंकडे नेऊन दिले. इतक्या वर्षांत हाती घेतलेले काम परत करण्याची ही माझी पहिलीच वेळ.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितले की माणसाची पकड रोज थोडी बदलते, सेल बदलून पाहा. सेल बदलले, फरक पडला नाही. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांकडून वजनमापे खात्याचा शिक्का असलेली लोखंडी वजने आणली. यंत्र दाराच्या कडीला बांधून मुठीच्या बरोबर मधोमध पट्ट्याने वजन टांगले. १० किलोला आकडे आले १३.२, ११.७ आणि १४.९. पाच किलोला ६.९, ६.१ आणि ७.८. वजन काढल्यावर शून्य दिसायला हवे, तिथे १.४ तसाच राहिला. लोखंडाचे वजन दर खेपेस बदलत नाही, त्यामुळे दोष माझ्या हाताचा नाही. आतला लोडसेल, म्हणजे दाब मोजणारा भाग, ताण सुटल्यावर मूळ स्थितीला येत नसावा, असे माझ्या आयटीआय शिकलेल्या भाच्याचे म्हणणे आहे. खरे काय ते आपल्या तंत्रज्ञांनी उघडून पाहावे.

दोन-तीन किलोंचा फरक किरकोळ नव्हे. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये वयस्कर माणसांच्या स्नायूंची दुर्बलता ओळखण्यासाठी पकडीची जी मर्यादा ठरवली, ती बायकांना १८ किलो आणि पुरुषांना २८ किलो आहे. आपले यंत्र कुणा आजीला १५ ऐवजी १९ दाखवत असेल तर घरचे लोक निर्धास्त होतील आणि तिला हवे ते उपचार, खाणेपिणे, व्यायाम मागे पडेल. ही गोष्ट मला माझ्या सुजलेल्या मनगटापेक्षाही जास्त लागते.

यंत्राचे पूर्ण पैसे आणि दवाखान्याच्या जादा फेऱ्यांचे १,२०० रुपये मला परत मिळावेत. या खेपेतली बाकीची यंत्रे प्रमाणित वजनांवर तपासावीत, आणि ज्यांनी ती घेतली आहेत त्यांना कळवावे. यंत्राच्या मुठीला वजन टांगून पडताळणी कशी करायची, हे माहितीपुस्तिकेत मराठीतून छापावे. त्यात आज पडताळणीबद्दल एक ओळही नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. यंत्र मी जपून ठेवले आहे. आपला माणूस आला तर त्याच्यासमोर पुन्हा वजन टांगून दाखवीन.

सोबत : देयकाची प्रत, वहीच्या पानांचे फोटो, वजन टांगतानाचा व्हिडिओ, दवाखान्याच्या दोन्ही नोंदी.

आपली,
एक ग्राहक, सातारा
(नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक देयकावर आहेत.)