बाद फेरीचे अंदाज टक्क्यांत द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फुटबॉलची कोणतीही मोठी स्पर्धा बाद फेरीत आली, की आपल्या क्रीडा पानावर अंदाजांची एक चौकट हमखास येते. तीत एका बाजूला सामने असतात, दुसऱ्या बाजूला जाणकारांची नावे आणि प्रत्येक नावापुढे त्याने निवडलेला विजेता. त्यातला एखादा बलाढ्य संघ रात्रीतून गारद झाला, की सकाळच्या अंकात 'धक्कादायक', 'चमत्कार' असे शब्द ठळक टायपात छापलेले दिसतात. ही चौकट मी आवडीने वाचतो. ती बंद करावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती आज ज्या रीतीने मांडली जाते, तिच्यामुळे वाचकांची आणि पर्यायाने आम्हा फुटबॉलप्रेमींच्या वादांची गाडी चुकीच्या रुळावर जाते, एवढेच निदर्शनास आणून द्यायचे आहे.

साधा हिशोब पाहावा. उपउपांत्यपूर्व फेरीत आठ सामने असतात. प्रत्येक सामन्यात बलवान संघ जिंकण्याची शक्यता सत्तर टक्के धरली, तर तो चांगलाच वरचढ आहे असे कोणीही म्हणेल. तरीही आठही सामने बलवान संघांनीच जिंकण्याची शक्यता शंभरात सहासुद्धा भरत नाही आणि आठांपैकी दोन किंवा तीन निकाल उलटे लागणे, हेच त्या फेरीचे स्वाभाविक रूप ठरते. याच हिशोबाने, सोळा संघांच्या बाद फेरीत सलग चार सामने जिंकून करंडक उचलण्याची त्या बलवान संघाची शक्यता जेमतेम चोवीस टक्के राहते. २०२६च्या विश्वचषकापासून संघ अठ्ठेचाळीस झाले, बाद फेरी बत्तीस संघांची झाली आणि चाराऐवजी पाच सामने जिंकणे भाग पडले. म्हणजे तीच शक्यता सतरा टक्क्यांच्या आसपास आली. तेव्हा 'अमुक संघच विश्वविजेता' असे छातीठोकपणे सांगणारा जाणकार त्याच्या सर्वांत लाडक्या संघाबाबतही चुकण्याचीच शक्यता अधिक असते, आणि त्यात त्याच्या अभ्यासाचा काहीच दोष नसतो.

कतारमधल्या २०२२च्या विश्वचषकात पहिल्या बाद फेरीत उलटा निकाल एकच लागला, मोरोक्कोने स्पेनला हरवले तो. पण उपांत्यपूर्व फेरीच्या चार सामन्यांत क्रोएशियाने ब्राझीलला आणि मोरोक्कोने पोर्तुगालला घरी पाठवले. बारा सामन्यांत तीन, म्हणजे हिशोबापेक्षा थोडे कमीच. त्याच स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाची लढत धरून बाद पद्धतीचे सोळा सामने झाले आणि त्यांतले पाच पेनल्टी शूटआऊटवर गेले. अंतिम सामनाही त्यांत आला. दोन तास खेळूनही ज्या संघांत डावे-उजवे ठरले नाही, त्यांतला विजेता आदल्या दिवशी नावानिशी सांगणे याला अभ्यास म्हणावे की धाडस, हे वाचकांनीच ठरवावे.

याचे मूळ खेळाच्या स्वरूपात आहे. त्या विश्वचषकात चौसष्ट सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला तीनही नाहीत. जिथे गोल इतके दुर्मीळ, तिथे एक गोल सगळे वर्चस्व पुसून टाकतो. युरो २००४मध्ये ग्रीसने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने प्रत्येकी १-० असे जिंकले. याहून बोलके उदाहरण पालेर्मोचे. २४ मार्च २०२२ रोजी विश्वचषक पात्रतेच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे निर्णायक बाद सामन्यात, इटली आणि उत्तर मॅसेडोनिया समोरासमोर आले. इटलीने आठ महिन्यांपूर्वीच युरोपचे विजेतेपद मिळवले होते आणि सामनाही त्यांच्याच मैदानावर होता. इटलीने गोलच्या दिशेने तीसहून अधिक फटके मारले, त्यांतला एकही जाळ्यात गेला नाही. नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर उत्तर मॅसेडोनियाच्या ट्रायकोव्हस्कीने गोलक्षेत्राबाहेरून एक जमिनीलगतचा फटका मारला, तो कोपऱ्यातून आत गेला आणि इटली सलग दुसऱ्यांदा विश्वचषकाबाहेर राहिली. हाच सामना दहा वेळा खेळवला असता, तर इटलीने त्यांतले बहुतेक जिंकले असते, असे मला आजही वाटते. प्लेऑफ मात्र एकदाच खेळवतात.

आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) तर ही गोष्ट वारंवार डोळ्यांसमोर घडत आली आहे. साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला २०१९-२०पासून शील्ड मिळत असे आणि प्लेऑफ जिंकणाऱ्याला करंडक. २०२४-२५पर्यंतच्या सहा हंगामांत हे दोन्ही मान एकाच संघाला फक्त दोनदा मिळाले: २०२०-२१मध्ये मुंबई सिटीला आणि २०२४-२५मध्ये मोहन बागानला. एरवी गोव्याने, जमशेदपूरने साखळी गाजवली आणि उपांत्य फेरीतच गाशा गुंडाळला. २०२२-२३ची मुंबई सिटी साखळीत सगळ्यांच्या पुढे होती; बंगळुरूने तिला शूटआऊटमध्ये ९-८ असे बाद केले. पुढच्याच वर्षी मोहन बागानने शील्ड जिंकली आणि अंतिम सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, आपल्याच प्रेक्षकांपुढे, मुंबईकडून १-३ असा मार खाल्ला. या निकालांवर वाद घालताना आम्ही मंडळी दोन वेगळे प्रश्न एकात कालवतो. सर्वांत चांगला संघ कोणता, हा एक प्रश्न आणि उद्याचा सामना कोण जिंकेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर साखळीचे दीर्घ वेळापत्रक बरेचसे देऊन टाकते. दुसऱ्याचे उत्तर फार तर टक्क्यांत देता येते.

इंदूरकरांना हा फरक क्रिकेटवरून चटकन उमगेल. जून २०२२मध्ये मध्य प्रदेशाने रणजीच्या अंतिम सामन्यात एकेचाळीस वेळा विजेत्या मुंबईला सहा गडी राखून हरवले, तेव्हा त्यालाही धक्कादायक म्हणणारे निघाले. (आमच्या राजेंद्रनगरात त्या पाच दिवसांत कोण कोणाच्या बाजूचा हे विचारण्याची सोय नव्हती, माहेर दादरचे आणि सासर इंदूरचे अशी घरे पुष्कळ.) पण मुंबईच्या ३७४ला ५३६ धावांनी उत्तर देणारा आणि तिघांची शतके झळकावणारा संघ पाच दिवसांच्या खेळात योगायोगाने जिंकत नाही. चंद्रकांत पंडितांच्या शिष्यांना आपले श्रेष्ठत्व सिद्ध करायला वेळ मिळाला. फुटबॉलमध्ये असतात नव्वद मिनिटे.

मात्र सगळे उलटे निकाल नशिबाच्या खात्यावर टाकणे हाही अन्यायच आहे, आणि 'चमत्कार' या शब्दावर माझा मुख्य आक्षेप तोच आहे. कतारमध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सर्वत्र मेस्सीचा उतरलेला चेहरा छापून आला. प्रत्यक्षात सौदीच्या बचावफळीने जवळजवळ मध्यरेषेपर्यंत पुढे सरकून उभे राहण्याचा जोखमीचा डाव आखला होता, ज्यामुळे पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड, म्हणजे खेळाडू बचावफळीच्या पुढे गेल्याने अवैध, ठरले. त्यातली शिस्त एखाद्या पावलाने जरी चुकली असती, तरी मध्यंतरालाच निकाल लागला असता. मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठेपर्यंत पाच सामन्यांत फक्त एक गोल स्वीकारला होता आणि तोही स्वयंगोल. स्पेन काय किंवा पोर्तुगाल काय, मोरोक्कोच्या जाळ्यात एकालाही चेंडू धाडता आला नाही. ज्या संघाचे साखळीतले सामने कोणी नीट पाहिलेच नाहीत, त्याचा विजय साहजिकच आकाशातून पडल्यासारखा वाटतो. आपल्या पानाने स्पेनच्या मधल्या फळीवर रकानेच्या रकाने लिहिले, मोरोक्कोच्या बचावावर चार ओळीही लिहिल्या नाहीत.

आपल्या शहराला आयएसएलचा संघ नाही. ज्याच्यासाठी रविवारी मैदानावर जाऊन घसा बसवावा, असे कोल्हापूरच्या पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांसारखे काही आपल्या वाट्याला आलेले नाही. पाटाकडील की प्रॅक्टिस क्लब, हा तिथे जन्मावर ठरणारा प्रश्न असतो आणि तिथला माणूस संघ हरणार हे दिसत असतानाही त्याच्याच बाजूने ओरडतो. आमच्यापाशी उरते ते भाकीत. म्हणून रात्रीचा सामना जागून पाहिलेली मुले सकाळी पोह्यांच्या गाडीवर जिरावण मसाला भुरभुरवत भांडतात, ती 'मी म्हटलंच होतं' या एका वाक्यावरून. कोणीतरी मोबाइल काढून आदल्या दिवशीचा संदेश पुरावा म्हणून दाखवतो. पण त्याच्याच खाली त्याने आणखी चार सामन्यांचे चुकलेले अंदाज लिहिलेले असतात, ते अंगठ्याखाली झाकलेले. आठवण करून द्यायला हरकत नाही, की २०१०मध्ये जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल बरोबर सांगितले होते. नाणे उडवून असे घडण्याची शक्यता २५६त एक. त्याच वेळी सिंगापूरचा मणी नावाचा पोपटही उपांत्यपूर्व फेरीचे चारही निकाल बरोबर सांगून गाजला होता. अंतिम सामन्यात त्याने नेदरलँड्सचे कार्ड उचलले, स्पेन जिंकला आणि पोपटाचे नाव मागे पडले. भाकीत सांगणारे पुष्कळ असले, की त्यांतला एखादा सर्वज्ञ ठरतोच.

म्हणून माझी सूचना अशी, की पुढच्या स्पर्धेपासून आपल्या चौकटीत विजेत्याच्या नावाऐवजी प्रत्येक जाणकाराने टक्केवारी द्यावी: ब्राझील पासष्ट, क्रोएशिया पस्तीस अशी. सामना शूटआऊटवर जाईल असे वाटत असल्यास तेही सांगावे. स्पर्धा संपल्यावर सगळ्या चौकटी एकत्र करून हिशोब छापावा. ज्याने सत्तर टक्के म्हटलेल्या दहा सामन्यांत सातांच्या आसपास निकाल त्याच्या बाजूने लागले, तो खरा जाणकार. दहाच्या दहा लागले, तर तो स्वतःच्या अंदाजाला उगाच भीत होता असे समजावे. टक्केवारीखाली दोन ओळींत कारण असावे, म्हणजे कोणाला दोन पिवळी कार्डे मिळून सामना चुकणार, कोणाला विश्रांतीचा एक दिवस कमी मिळाला, कोणता संघ आधीच्या फेरीत एकशेवीस मिनिटे धावून आला आहे. असे झाले तर पोह्यांच्या गाडीवरचे भांडण थांबणार नाही, थांबूही नये. निदान ते कशावरून चालले आहे, हे तरी कळेल.

जाता जाता एक किरकोळ विनंती. रात्री साडेबाराला सुरू होणारा सामना आपल्या वेळापत्रकात कधी आदल्या तारखेला छापला जातो, कधी दुसऱ्या. त्यापुढे 'शनिवार उजाडताना' किंवा तत्सम काही लिहावे, म्हणजे वाचक एक रात्र आधीच जागत बसणार नाहीत.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक
राजेंद्रनगर, इंदूर