बॅटरी बदलायच्या आधी करंट तरी मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

आमची वीस वर्षं जुनी गाडी आहे, दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फच घेईना. सात रस्त्याजवळच्या एका दुकानात दाखवली तर त्यांनी काही न तपासता सांगितलं, सोलापूरच्या उन्हात बॅटऱ्या टिकत नाहीत, नवीन टाका. टाकली. चौथ्या दिवशी परत तेच, धक्का मारायला शेजारच्या पोरांना उठवलं.

मग होटगी रोडच्या एका म्हाताऱ्या वायरमन काकांनी बॅटरीची निगेटिव्हची वायर काढून मध्ये मल्टीमीटर (करंट मोजायचा मीटर) लावला, १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये पिन घालून, आणि बजावलं की मीटर असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. दारं बंद करून अर्धा तास थांबलो. गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत पाहिजे, आमच्यात ४०० दिसत होते! म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास गेले, ३५ अँपिअर-तासांची बॅटरी कितीशी पुरणार सांगा. काका एकेक फ्यूज काढत गेले, टेपचा फ्यूज काढला तसा आकडा धाडकन २० वर आला. टेप बसवणाऱ्यानं चावीवरची वायर, म्हणजे चावी लावल्यावरच करंट मिळायला हवा ती, थेट बॅटरीच्या लाइनला जोडलेली, त्यामुळे चावी काढली तरी टेप चालूच.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, बॅटरी विकण्याआधी एवढं मोजून बघत जा, रिक्षावाल्यांचे, छोट्या धंदेवाल्यांचे हजारो रुपये वाचतील ओ.

– एक वाचक, सोलापूर