काका, त्या दिवशी तुम्ही कूलर बंद केलात

प्रिय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. नातू वाचून दाखवील. तुमच्या हार्मोनियम दुरुस्तीच्या दुकानात येऊन आभार मानायला गेले, तर "पेटी दुरुस्त केली, पैसे घेतले, आता आभार कायचे ताई?" असं म्हणून तुम्ही भात्याला चामडं डकवायला बसलात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. माझ्या गाण्याबद्दल मला जे ऐकवलं गेलं तेही चारचौघांतच ऐकवलं गेलं होतं, तेव्हा आभारही तिथेच मानायला हवेत.

मी शाळेत गणित शिकवते. लग्नाआधी गांधर्व मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा देत मध्यमा पूर्णपर्यंत आले होते. पुढे नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण, मुलांची दहावी-बारावी. गाणं देवघरापुरतं उरलं. मुलं शिकायला बाहेर पडली तेव्हा पुन्हा तानपुरा लावून बसायला लागले, आणि लेकीने हट्टाने युट्यूबवर चॅनल काढून दिलं. "आई, तू गा आणि टाक, बाकी मी बघते," म्हणाली.

टाकणं सोपं असतं. टाकल्यानंतरची रात्र कठीण असते. आपलाच आवाज परका वाटतो. गाताना आपल्याला आपला आवाज हवेतून ऐकू येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येताना त्याचा खालचा, भरदार भाग ठळक होतो. रेकॉर्डिंगमध्ये ते हाड नसतं, म्हणून आवाज पातळ लागतो. त्यात मोबाईल बोलण्यासाठी बनवलेला. सूर मोठा झाला की तो दाबतो, हळू झाला की उचलतो, आणि मंद्रातलं, म्हणजे खालच्या सप्तकातलं काम त्याच्या चिमुकल्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही. हे सगळं मी नंतर समजून घेतलं. तेव्हा एवढंच वाटायचं, की मी अशी गाते? आणि हे लोकांनी ऐकायचं?

शिवाय मी टाकला होता यमन राग. शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला सुरुवातीलाच येणारा, आणि ज्यांचं नाव घेताना कानाची पाळी धरावी अशा सगळ्यांनी गायलेला. माझ्या व्हिडिओशेजारी त्यांची रेकॉर्डिंग दिसायची. तिथे माझं काय काम, हा प्रश्न मला कुणी विचारायची गरजच नव्हती. तो आत कायम चालू असायचा. रात्री व्हिडिओ टाकायचा, किती जणांनी ऐकला ते पुन्हापुन्हा बघायचं आणि सकाळी डबे भरायच्या आधी तो काढून टाकायचा.

घरच्या ग्रुपवर पाठवला तर अर्ध्या मिनिटात अंगठे यायचे. गाणं साडेसात मिनिटांचं. तोवर माझा आलापातला पहिला गंधार, म्हणजे 'ग'सुद्धा झालेला नसायचा. कौतुक हवं होतं असं नाही हो. कुणीतरी ऐकायला हवं होतं.

आणि मग ते संगीत मंडळ. नाव घेत नाही. त्यांच्या महिन्याच्या बैठकीत सभासदांना दहा मिनिटं देतात, तिथे मी विचारलं. तिथल्या जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर माझा व्हिडिओ लावला, दुसऱ्या मोबाईलवर सूर मोजायचं ॲप धरलं आणि मिनिटभरात बंद करून म्हणाले, "गंधार उतरतोय. आधी सूर पक्का करा, मग लोकांना त्रास द्या. नोकरी करता करता गाणं होत नसतं." दोघंतिघं हसले. माझ्याकडे बघून नमस्कार करणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. यमनाचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर गंधार. तोच चुकत असेल तर उरलं काय? त्यानंतर मी यमन सोडला, व्हिडिओ सोडले आणि सकाळचा रियाझही सुटत चालला. त्या माणसाचा मला आजही राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. ज्याला कळतं त्याने पूर्ण ऐकूनही न घेता एखाद्याचा सूर तोडावा, याला मी जाणकारी म्हणत नाही.

पेटी तुमच्याकडे आणली ती विकायच्या विचाराने. उन्हाने लाकडाला फट गेली होती, भाता हवा धरत नव्हता, मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वर यायची नाही. दुरुस्त केली तर बरी किंमत येईल, एवढाच हिशोब होता. नवतप्याचे, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस होते. पारा पंचेचाळिसाच्या वर, नागपुरातल्या महाल भागातल्या गल्ल्या दुपारी ओस, वर तुमच्या दुकानाला टिनाचं छप्पर. त्या छोट्याशा जागेत तो जुना कूलर धडधडत होता म्हणून माणूस तिथे बसू तरी शकत होता.

तुम्ही विचारलं, "विकता कायले? कोण गाते घरी?" मी म्हटलं, आता कुणी नाही. मग तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत आणि म्हणालात, "लावा बरं काही असंल तर." मी मोबाईल पुढे केला. गाणं सुरू झालं. तुम्ही कान पुढे केलात, मग मान हलवलीत. "थांबा ताई, ऐकू येऊन नाही राहिलं." आणि उठून कूलर बंद केलात.

काका, नागपूरबाहेरच्या माणसाला याचं मोल कळायचं नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता कूलर कुणी बंद करत नाही. लाइट गेली तर आपण हवालदिल होतो. पाहुण्यासाठी कूलर लावतात, स्वतःचा त्याच्याकडे वळवतात, पण बंद? तुम्ही तो बंद केलात, एका अनोळखी मास्तरणीचं मोबाईलवरचं गाणं ऐकायला. पंखासुद्धा बंद केलात. पाहता पाहता छपराचा ताव खाली उतरला. तुमच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर आला, तो तुम्ही पुसलाही नाहीत. पोऱ्याने काही विचारायला तोंड उघडलं, तर हातानेच त्याला गप्प केलंत. साडेसात मिनिटं. आलाप, बंदिश, त्या घाईच्या ताना, शेवटची सम. सगळं. मोबाईल थांबला तेव्हा तुम्ही म्हणालात, "अंतरा पुन्हा लावा."

माझ्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं होतं. उकाड्यात घामाबरोबर ते दिसलं नसावं.

मग मी त्या गंधाराचं सांगितलं. तुम्ही चिडलात. मला आठवतं, तुमच्यासारखा शांत माणूस चिडला. "कोण म्हणलं उतरला? तुमचा गंधार बराबर आहे. पेटीचा चढा राह्यते." आणि दुरुस्त करून ठेवलेली एक पेटी ओढून काळी चार, म्हणजे माझ्या 'सा'ची पट्टी धरलीत, माझ्या मोबाईलवर तानपुरा लावलात आणि मला गंधारावर थांबायला सांगितलंत. आधी नुसत्या तानपुऱ्यावर, मग पेटीची पट्टी दाबून. पट्टी दाबली की स्वर थरथरायला लागायचा, एकमेकांवर घासल्यासारखा. पट्टी सोडली की शांत. मी कितीतरी वर्षं गाते आहे, पण ती घासणी मला तोवर कुणी कानाने दाखवली नव्हती.

घरी येऊन हिशोब मांडला. गणिताची बाई, राहवलं नाही. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग असतात. प्रत्येक भाग १०० सेंट मानला, तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून, म्हणजे 'सा'पासून ४०० सेंटवर बसतो. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्या नादातून एक गंधार आपोआप उमटतो. त्याचं षड्जाशी प्रमाण ५ : ४, म्हणजे साधारण ३८६ सेंट. मधला फरक १४ सेंट. सूर मोजणारी बहुतेक ॲपं पेटीसारखाच १२ सारख्या भागांचा हिशोब धरतात, म्हणून तानपुऱ्याशी मिळालेला गळा त्यांना 'उतरलेला' दिसतो. ज्या चौदा सेंटांसाठी मला चारचौघांत हसलं गेलं, ते माझ्या गळ्याचे नव्हतेच.

तुम्ही त्या दुपारी पेटीचंही गाऱ्हाणं सांगितलंत, जिच्यावर तुमच्या घराण्याचं पोट चाललं तिचंच. १९४० साली रेडिओने पेटीला दार बंद केलं, कारण तिचे स्वर ठरलेले, तिला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकांनी जिला मैफलीत मान मिळवून दिला, तीच पेटी रेडिओच्या दाराबाहेर. तरी कीर्तनात, भजनात, नाटकात, शाळेच्या प्रार्थनेत ती वाजतच राहिली आणि तुमचे वडील तिचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, घासतच राहिले. "दोष तिच्यात आहेच," तुम्ही म्हणालात. "म्हणून का कोणी वाजवणं सोडलं?" मग एक सूर काढून दाखवलात. पितळेची ती पातळ पट्टी टोकाशी घासली की स्वर चढतो आणि बुडाशी घासली की उतरतो. गुजरातेतल्या पालीताण्याचे नावाजलेले सूर असले तरी नागपूरच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ते हलतात, पुन्हा मिळवावे लागतात. पेटीसाठी तुम्ही हे दर वर्षी न कंटाळता करता.

नोकरीच्या त्या टोमण्यावरही तुमच्याकडे उत्तर होतं. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते गायक वसंतराव देशपांडे आपल्या विदर्भाचे, मूर्तिजापूरला जन्मलेले, इथे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. आणि पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करता करता कितीतरी वर्षं गायले. "हापिसातून येऊन गात होते ना ते?" तुम्ही म्हणालात. मला त्यांच्या जवळपासही बसायचं नाही, काका, तुम्हालाही तसं म्हणायचं नव्हतं. पण दिवसभर फळ्यासमोर उभं राहून संध्याकाळी तानपुरा लावणं हा काही गुन्हा नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा मनापासून पटलं.

आणि तुम्ही चुका सांगितल्यात, याचे आभार वेगळे. ताना घाईत आहेत. समेच्या अलीकडे श्वास तुटतो. अंतऱ्याचा तार षड्ज, वरचा 'सा', घाबरून लावलाय, "कोणी ऐकून नाही राहिलं समजून लावा." नुसतं 'छान' म्हणाला असतात, तर घरी येईपर्यंत ते विरून गेलं असतं. पूर्ण ऐकलेल्या माणसाने काढलेली चूक मनाला लागत नाही, उलट सोबत करते. ज्याने आपल्यासाठी उकाडा सोसला, त्याच्या 'घाई करता' या दोन शब्दांवर मी महिनाभर रियाझ केला.

आपल्या गावात चांगुलपणाला तोटा नाही. चैत्र लागला की कुणीतरी दारात माठ भरून ठेवतं, त्यावर झाकण, झाकणावर पेला. कोण पिऊन गेलं, याची नोंद कुणी ठेवत नाही. पण माणसाच्या हौसेकडे बघताना हीच माणसं इतकी कोरडी का होतात, हे मला कळत नाही. शेजारची मुलगी व्हायोलिन घासते, वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका माउथऑर्गन वाजवतात, एखादा रिक्षावाला कराओकेवर गाऊन ते टाकतो. त्यांना काय हवं असतं? साडेसात मिनिटं. तीसुद्धा आपण देत नाही. आणि ज्यांना खरोखर कळतं त्यांनी तर आधी द्यायला हवीत, कारण त्यांच्या एका वाक्याने माणूस उभा राहतो किंवा बसतो. तुम्ही कुठल्या मंडळावर नाही. पाटीवर तुमचं नावही धड वाचता येत नाही. पण नागपुरात गाणं कुणामुळे टिकलंय असं मला कुणी विचारलं, तर मी आधी तुमच्या गल्लीकडे बोट दाखवीन.

शंका गेली नाही, काका. व्हिडिओ टाकताना अजून पोटात गोळा येतो. पण आता त्याच रात्री ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर कानाला हेडफोन लावून ऐकते, पंखा बंद करून. काढून टाकत नाही. जुना यमनही पुन्हा चढवलाय, चुकांसकट. आणि कुणी आपलं गाणं पाठवलं, तर अंगठा देण्याआधी शेवटपर्यंत ऐकते, एक तरी नेमकी गोष्ट लिहिते. परवा भंडाऱ्याच्या एका मुलाला लिहिलं, की तुझा निषाद फार सुरेख लागलाय, पण तबल्याच्या मागे धावू नकोस. त्याचं उत्तर आलं, की इतकं पूर्ण कुणी ऐकलं नव्हतं. ते वाचून तुम्हाला हे पत्र लिहायला बसले.

पेटी विकलेली नाही, विकणारही नाही. पावसाळ्यात तिची ती पट्टी पुन्हा अडकायला लागली आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात घेऊन येते. येताना केदार राग गाऊन रेकॉर्ड केलाय तो घेऊन येते, अजून कुठे टाकलेला नाही. मध्यमावर मी उगाच फार वेळ थांबते असं लेक म्हणते, मला तसं वाटत नाही. तुम्ही ऐकून सांगा.

तुमची,
काळी चारवाली मास्तरीण