तोळाभराचा फरक : सुभेदारकाकांना जाहीर आभारपत्र

नाशिक

आदरणीय सुभेदारकाका,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि पावसाचा विषय काढता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. रागवायचं असेल तर गोल्फ क्लबच्या मैदानावर रागवा, सकाळी सहाला मी तिथेच असते. दुसरं कारण असं, की आमच्या माळ्यावर जे निघालं ते दिंडोरी-पेठकडच्या आणखी चार घरांत पडलेलं असू शकतं आणि त्या घरांना तुमच्यासारखा माणूस माहीत नसेल.

आठवतं ना, फोटो पाठवला तेव्हा मी काय लिहिलं होतं? ‘पणजोबांच्या हत्तीमार बंदुकीची दोन काडतुसं सापडली.’ तुमचं उत्तर एका ओळीचं होतं : ‘हात लावू नका, पिशवीत घालून आणू नका, मी येतो.’ आणि दुसऱ्या दिवशी जुन्या सीबीएसवरून वणीच्या गाडीत बसून तुम्ही खरंच आलात. पंचाहत्तरीचा माणूस, उन्हाळ्याचे दिवस, खांद्याच्या पिशवीत भिंग आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर. ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या माझ्या भावाला पहिलं वाक्य काय, तर ‘विडी विझवा.’

आता घरचं सांगते, कारण तेव्हा ते मी पूर्ण सांगितलं नव्हतं. वाडा उतरवताना गोठ्यावरच्या माळ्यात पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात मोडीतले कागद, एक शिंग आणि फडक्यात बांधलेली ती दोन काडतुसं. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या गोष्ट चालत आली होती, की पणजोबांकडे दुनळी होती आणि तिने त्यांनी हरसूलच्या रानात जनावर पाडलं. ते जनावर आजोबांच्या तोंडी वाघ होतं, वडिलांच्या तोंडी हत्ती झालं. नाशिकच्या रानात हत्ती कुठून आला, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. घरच्या गोष्टीला असले प्रश्न विचारायचे नसतात.

आणि माझा भाचा. त्याच्या उसात त्या महिन्यात बिबट्याची मादी वावरत होती, मजूर पाणी द्यायला जाईनात. काडतुसं बघून तो म्हणाला, ‘हत्ती पडतो म्हणजे बिबट्या तर चुटकीसरशी. बंदुकीची सोय करता येईल.’ ती ‘सोय’ काय असते, हे गावाकडच्यांना वेगळं सांगायला नको. त्याच आठवड्यात जुन्या वस्तू घेणाऱ्या एका गृहस्थांनी दोन्हींचे मिळून पाच हजार देऊ केले होते. म्हणजे तुम्ही आलात तेव्हा घरात तीन मतं होती : ठेवा, विका, उडवून बघा.

तुम्ही यातल्या कशावरच बोलला नाहीत. दोन्ही काडतुसं वर्तमानपत्रावर आडवी ठेवून अर्धा तास नुसतं बघत बसलात. पितळी खोळ दोन्हींची सारखी, तीन इंची. बुडाची कड सारखी, तोंड सारखं. एकाच्या बुडावर ‘एली’ आणि ‘५००’, दुसऱ्याच्या बुडावर ‘कायनॉक’ आणि ‘५००’; नावं काडतुसं बनवणाऱ्यांची, आकडा मापाचा. पाचशे म्हणजे अर्धा इंच. भाऊ म्हणाला, ‘एकाच बंदुकीची आहेत.’ तुम्ही विचारलंत, ‘गावात सोनार आहे का? त्याचा काटा मिळेल?’

काटा आला. एकाहून दुसरं अकरा ग्रॅमनी जड भरलं, म्हणजे तोळ्याला थोडं कमी. दिसायला जुळी, वजनात तोळ्याचा फरक! सोनाराचा मुलगासुद्धा परत न जाता तिथेच बसला.

मग भाच्याच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर तुम्ही जे गणित मांडलंत, ती पत्रिका मी जपून ठेवली आहे. हलकं काडतूस काळ्या दारूचं, एक्सप्रेस. दारू १३६ ग्रेन, गोळी ३४० ग्रेनची, म्हणजे बावीस ग्रॅम शिसं. त्या गोळीच्या टोकाला भोक आणि भोकात तांब्याची नळी बसवलेली. वेग सेकंदाला साधारण १९०० फूट. जड काडतूस पुढच्या जमान्यातलं, कॉर्डाइट नावाच्या बिनधुराच्या दारूचं. कॉर्डाइट ८० ग्रेनच, पण गोळी ५७० ग्रेनची, सदतीस ग्रॅम, आणि वेग २१५० फूट. मारा, म्हणजे गोळीची ऊर्जा, पहिल्याची सत्तावीसशे फूट-पौंडांच्या आसपास, दुसऱ्याची साडेअठ्ठावन्नशे, म्हणजे दुपटीहून जास्त. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. पण वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचं असतं हे त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून पटलं.

‘एक्सप्रेस’ हे नाव आगगाडीवरून आलं, हेही तेव्हाच कळलं. पर्डी नावाच्या लंडनच्या बंदूकवाल्याने १८५६ साली हलकी गोळी आणि भरपूर दारू अशी रायफल काढली आणि तिला ‘एक्सप्रेस ट्रेन’ म्हटलं. भाऊ लगेच म्हणाला, ‘मग दुसरी मालगाडी.’ तुम्ही हसलात. पण मालगाडी एक्सप्रेसहून जोरात धावत नाही, हेही सांगून ठेवलंत.

भाच्याचा प्रश्न तुम्ही टाळला नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. शिकारीच्या दृष्टीने काडतुसाची किंमत काय, ते तुम्ही सरळ सांगितलंत. भोकाची गोळी अंगात शिरताच फुलते, म्हणून मचाणावरून वाघाला किंवा सांबराला ती उत्तम. गव्यावर मारली तर कातडीखालीच फुटायची, खोल जायची नाही. दुसरी गोळी निकेलच्या वेष्टणातली, पण टोकाला शिसं उघडं. ही वाघाला चालेल, गव्याच्या बरगडीतही जाईल. हत्तीची कवटी फोडायला मात्र टोकापर्यंत वेष्टण असलेली सबंध टणक गोळी लागते, आणि तशी या दोन्हींत एकही नाही. वडिलांचा हत्ती त्या ओट्यावर कायमचा गेला. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, हसू आलं.

मग तुम्ही जे सांगितलंत त्याने भाचा गप्प झाला. जड काडतूस हलक्याच्या बंदुकीत अगदी अलगद बसेल, कारण खोळ तीच. पण काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीला कॉर्डाइटचा दाब सोसत नाही. नळी फाटेल आणि धरणाऱ्याचा हातही जाईल. म्हणूनच तर असल्या रायफलींच्या नळ्यांच्या बुडाशी लंडन नाहीतर बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे छाप आणि दारूगोळीचे आकडे ठोकलेले असतात. ते छाप न वाचता बार काढणारा माणूस शिकारी नव्हे, तोच सावज.

‘मग तशीच नवीन काडतुसं करवून घेतली तर?’ भाच्याने शेवटचा खडा टाकून पाहिला. त्यावर तुम्ही दुनळी रायफल कशी घडते ते सांगितलंत, आणि ते मला इतकं आवडलं की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोन नळ्या शेजारी शेजारी दिसतात, पण समांतर नसतात. पुढे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात. उजवीचा बार काढला की झटक्याने बंदूक वर आणि उजवीकडे उचलते, डावीचा काढला की डावीकडे, आणि गोळी तेव्हा अजून नळीतच असते. तो झटका हिशेबात धरून कारागीर नळ्यांच्या मध्ये पाचर ठेवतो, कथलाच्या डाकाने जोडतो, बार काढून बघतो, डाक वितळवतो, पाचर केसभर सरकवतो, पुन्हा बार. दोन्ही गोळ्या एकाच जागी पडेपर्यंत हे चालतं. आणि ते जुळतं फक्त त्या एका वजनाच्या गोळीला, त्या एका वेगाला. भार बदलला की एकीची गोळी इकडे, दुसरीची तिकडे. भाऊ म्हणाला, ‘बैलजोडीसारखंच की! एक बैल बदलला की गाडी चाकोरी सोडते.’ तुम्ही मान डोलावलीत. त्या दिवशी भावाला तुम्ही पटलात तिथे.

मधल्या चहाला मी विचारलं होतं, जुन्या शिकारी रायफलींच्या मापांत सगळीकडे ४७०, ४७५ असले विचित्र आकडे का? तुम्ही सांगितलंत, की १९०७ साली सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरवर, म्हणजे त्या मापाच्या नळीच्या रायफलींवर, बंदी घातली. त्या मापाची गोळी मार्टिनी-हेन्री या फौजी रायफलीत चालायची आणि ती बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी बंदीला वळसा घालत ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी मापं काढली. पुढे दोनच वर्षांत, १९०९ ला, आमच्या नाशकातल्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या सुटल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सरकार वाघाच्या रायफली मोजत बसलं आणि पिस्तुलं लंडनहून येऊन पोचली. आपण रोज सकाळी फेऱ्या मारतो त्या मैदानाला त्या गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांचंच नाव आहे, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

आता तो गोठा. जड काडतुसाच्या मानेवर तुम्ही भिंगातून एक उभी रेघ दाखवलीत, केसासारखी. मला वाटलं ओरखडा. ती चीर होती. इंग्रजी फौजेची काडतुसं इथे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली की अशीच तडकायची. म्हणून त्या रोगाचं नाव ‘सीझन क्रॅकिंग’, आपल्या पावसाळ्यावरून पडलेलं. पितळ ओढून खोळ करताना त्यात ताण राहून जातो. मुताचा अमोनिया आणि ओल मिळाली की ताण चिरेतून बाहेर पडतो. विलायतेत त्याचा छडा लागला १९२१ साली. आमच्या माळ्याखाली पिढ्यान्पिढ्या गाईबैल बांधलेले, वरून पावसाळा. रसायनशास्त्राचा एवढा मोठा धडा आमच्याच शेणामुतात लिहिलेला होता!

आणि तुम्ही बजावलंत, की चीर गेलेलं ते जड काडतूस फुसकं निघेल की फुटेल याचा नेम नाही. पण हलक्याला कमी लेखू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. भाचा ज्याला खेळणं समजून खिशात घालत होता, ते हेच.

कायद्याचं तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. परवाना नसेल तर एक जिवंत काडतूससुद्धा १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुन्हा; आणि बिबट्या १९७२ च्या कायद्याने पहिल्या अनुसूचीत, तेव्हा शिकार हा विषयच बंद, वनखात्याला फोन करा. मग भावाला बसवून अर्ज लिहून घेतलात, ‘सापडली’ हा शब्द दोनदा घालायला लावलात, पोलीस आले, पंचनामा झाला, आणि शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत तुम्ही शेवटची गाडी सोडून बसून राहिलात. पाच हजारांचं बोलणं निघालं तेव्हा भावाकडे नुसतं बघितलंत. जेवणाचा आग्रह केला तर म्हणालात, पिठलं असेल तर बसतो.

एक गोष्ट मात्र तुम्ही उघडपणे बोलला नाहीत. दोन काडतुसं म्हणजे दोन वेगळ्या बंदुका, दोन वेगळे जमाने. पणजोबांकडे या दोन्ही रायफली असणं शक्य नव्हतं. त्यांची जमीन किती होती ते आम्हाला ठाऊक आहे. मी विचारलं, ‘मग?’ तुम्ही पत्रिकेची घडी घालत म्हणालात, ‘काडतूस बंदुकीचं सांगतं, माणसाचं तुमच्या आजीला विचारा.’ आजी कधीच गेली. पण तिचं एक वाक्य मला तेव्हा आठवलं, जे घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं : ‘तुमचा पणजा साहेबांच्या पुढं रान हाकायचा.’ हाकारा करणारा माणूस. वेगवेगळ्या साहेबांच्या वेगवेगळ्या शिकारींत, हातात डबा नाहीतर काठी घेऊन वाघाच्या मागे रानात शिरणारा. दर खेपेला उरलेलं एखादं काडतूस आठवण म्हणून त्याने कमरेला खोचलं असेल. मचाणावर बसलेल्याच्या हातात पाच किलोची रायफल असते. खालच्याच्या हातात काय असतं ते तुम्ही मला सांगायची गरज राहिली नाही. भाच्याला हे मी सांगितलं. तो हल्ली पणजोबांची गोष्ट बंदुकीशिवाय सांगतो, आणि पूर्वीपेक्षा बरी सांगतो.

बिबट्याची मादी ऊस तुटल्यावर गेली. वनखात्याची माणसं दोनदा येऊन गेली होती.

तुमचं भिंग आमच्या ओट्यावर राहिलं आहे. भाऊ ते कुरिअरने पाठवणार होता, मी पाठवू दिलं नाही. माघात द्राक्षं उतरायला लागली की या, तेव्हा घेऊन जा, पिठलं आहेच.

तुमची,
मैदानावरची बाई