गणपतीला गावी जाणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

गणपतीत ऐरोलीतली कितीतरी घरं बंद असतात, हे चोरांनाही ठाऊक असतं. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. तांदळाचा डबा ही जागा आता सगळ्यांना माहीत आहे. पेपर, दूध बंद करा. दारात साचलेले पेपर म्हणजे घरी कोणी नसल्याची पाटीच. नुसत्या लॅचवर विसंबू नका. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांनी बाथरूमची खिडकी आणि डक्टकडची (पाइप जातात त्या पोकळीकडची) बाजू नीट तपासावी, शिरकाव तिथूनही होऊ शकतो. चावी शेजाऱ्यांकडे द्या, चपलांच्या रॅकमध्ये नको. जाण्या-येण्याच्या तारखा सोसायटी ऑफिसात कळवा. गावचे फोटो परतल्यावरच टाका.

परतल्यावर कडी तुटलेली दिसली, तर आत न जाता 112 ला फोन करा.

– सचिव